आप्पांचं कुलमुखत्यारपत्र

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी त्या खोलीत होते.

मागच्या वर्षीची गोष्ट. रात्रीची नाही, भर दुपारची. आमच्याच घरात, तिसऱ्या मजल्यावर.

अर्धांगवायूनं आमच्या वडिलांची, आप्पांची, वाचा कायमची गेली होती. पेन्शन, बँक कोण बघणार? म्हणून त्यांनी अंगठा उठवून दादाला कुलमुखत्यारपत्र दिलं. त्यांच्या वतीनं सगळे व्यवहार करायचा अधिकार.

"सख्खा भाऊ आहे गं माझा," मी शेजारणीला कौतुकानं सांगायचे. घर विकायचा अधिकारही दादानं त्यात घुसडला होता, हे मला कुठे माहीत!

त्या दिवशी सकाळी आप्पा गेले.

दादा रडलासुद्धा नाही. "डॉक्टरांना घेऊन येतो. तोवर कुणाला काही बोलू नकोस. माझा मोबाइल बंद पडलाय, तुझा दे."

दिला.

बराच वेळ झाला. शेजारणीला हाक मारावी म्हणून दार उघडायला गेले...

बाहेरून कुलूप.

ओरडले. दार बडवलं. मजल्यावरचे सगळे कामाला गेलेले. शेवटी आप्पांचा हात धरून बसले.

आणि... कित्येक महिने बंद असलेला त्यांचा मोबाइल उशाशी उजळला.

वाजला नाही. नुसता उजेड.

मग विझला.

त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

थोड्या वेळानं कुलूप वाजलं. दारात एक अनोळखी माणूस. मागे दादा, पांढराफटक.

तो नोंदणी कार्यालयातला कारकून होता. दादा तिथे हे घर विकायला गेला होता. अधिकार देणारा मेला की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणून मरण लपवून! देणारा हयात आहे ना, हे विचारायला कारकुनानं नेहमीप्रमाणे आप्पांचा नंबर फिरवला.

"ते बोलत नाहीत हो," दादा म्हणाला होता.

"पण ते बोलले, ताई." कारकून माझ्याकडे वळला. "म्हणाले, मी सकाळीच गेलो. पोरीला कोंडलंय. आधी तिला बाहेर काढा."

घर वाचलं. दादाला वाटतं, मीच आवाज बदलून बोलले. केसानं गळा कापला त्यानं, आणि फसवी मी!

पण मला कुरतडतं ते वेगळंच...

आप्पांच्या एका शब्दासाठी मी इतकी वर्षं त्यांच्या उशाशी काढली. शेवटी ते बोलले, तेही एका परक्या माणसाशी.

मी त्यांचा हात धरून बसले होते. मला काहीच ऐकू आलं नाही.