दुहेरी दूत

मिरज आगारातले एसटी चालक रावसाहेब आवटी दारूला शिवतही नव्हते. तरी गाडी चालवताना त्यांचा चेहरा एकाएकी लालभडक व्हायचा. प्रवासी कुजबुजायचे. आगारात नळी फुंकली की निकाल निर्दोष यायचा, पण लोकांची तोंडं कोण धरणार? पोटही सारखं बिघडायचं. शेवटी मुलगी पद्मजा त्यांना पुण्याला डॉ. नसीमा पटवेगार यांच्याकडे घेऊन आली. नसीमाबाईंनी उभी हयात एका रेणूमागे घालवली होती.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी पडद्यावर रावसाहेबांच्या आतड्यात एक ठिपका लखलखत होता, यकृतात आणखी काही.

"या गाठी रक्तात संप्रेरकं सोडतात," नसीमाबाई म्हणाल्या. "चेहरा त्यानं लाल होतो."

"म्हणजे मी पीत नाही, हे या चित्रात दिसतंय?"

"स्वच्छ दिसतंय, अण्णा."

रावसाहेबांनी डोळे पुसले. गाठींची भीती त्यांना नंतर वाटली.

"या पेशींवर एक खास कडी असते," नसीमाबाईंनी समजावलं. "आमचा दूत-रेणू तिथंच अडकतो. काल त्याच्या पाठीवर सौम्य किरणोत्सारी अणू होता, म्हणून गाठी उजळल्या. आता तोच दूत जहाल अणू नेईल. त्याचे कण चार-दोन पेशींपलीकडे पोचत नाहीत."

"शेजाऱ्यांना त्रास नाही म्हणा की!"

"अगदीच नाही असं नाही. मूत्रपिंडं जपावी लागतील."

औषध शिरेतून गेलं. रावसाहेब वेगळ्या खोलीत राहिले; काचेपलीकडून पद्मजा हात हलवायची. उपचाराच्या फेऱ्या संपल्या तेव्हा यकृतातले ठिपके विझले होते, आतड्यातला जेमतेम उरला होता. चेहऱ्यावरची लाली गेली. काही महिन्यांनी रावसाहेब पुन्हा स्टिअरिंगवर बसले. नसीमाबाईंना हे कळवायला पद्मजा स्वतः पुण्याला आली. मग तिनं विचारलं, "आमची आजी अशाच दुखण्यानं गेली. माझंही चित्र काढाल?"

नसीमाबाईंनी तिला समोर बसवलं.

"नवा दूत मूठभर पेशीही शोधतो. पण त्यातल्या कितीतरी जन्मभर निजून राहतात, त्यांची गाठ होतच नाही. कुठल्या जाग्या होतील, हे मला अजून ओळखता येत नाही. आणि निजलेल्यांवर जहाल अणू सोडायला माझा हात धजत नाही."

पद्मजानं टेबलावरच्या वडिलांच्या जुन्या चित्रातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"बाई, पोटात दिवा लागलेला एकदा पाहिल्यावर माणसाला पूर्वीसारखी झोप लागते का हो?"