ढब्बू दार सोडत नाही

कुत्र्याला आंघोळ घालायची, एवढंच काम होतं. भर दुपारी धाकटी लेक पिशवी घेऊन बापाच्या घरी गेली ती तेवढ्याचसाठी. पिशवीत ब्रश, शाम्पू, नखं कापायची कात्री. संध्याकाळी एक माणूस गाडी घेऊन येणार होता आणि ढब्बूला नेणार होता. कुठं नेणार, ते कुणी विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, आणि ऐकून घ्यायची या घराला सवयच नव्हती.

"आलीस? बरं झालं," दार उघडत आत्या म्हणाली. "शिक्षण सोडून गावाची कुत्री धुतेस, निदान घरच्या तरी उपयोगी पड."

धाकटीनं चपला काढल्या. जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज तिनं आईसाठी सोडलं होतं. घशाचं ऑपरेशन झालं, आईचा आवाज कायमचा गेला, आणि घरात धडधाकट माणसं भरलेली असूनही तिच्याजवळ बसायला कुणाला फुरसत नव्हती. हे मात्र कुणी बोलत नसे. 'पोरगी अर्धवट राहिली' एवढंच बोलत. आई गेली तशी धाकटीही घराबाहेर पडली आणि कुत्र्या-मांजरांच्या पार्लरमध्ये कामाला लागली.

ढब्बू मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा पडला होता. काळा, थोराड, तोंडाभोवती पांढरा झालेला. ती आईची खोली. आत पलंग आणि खिडकीशी तिची वेताची खुर्ची.

"मी सामान घेऊन तिथं झोपायला गेले, त्या दिवसापासून हे सोंग," आत्या म्हणाली. "पाय टाकला की दात विचकतो. काल तुझ्या दादाच्या पोरीचा फ्रॉक धरून मागं ओढलंन. आणि वर शेपूट हलवतो, लबाड!"

"शेपूट हलली म्हणजे खूश, असं नसतं आत्या. ताठ धरून हलवली तर ती ताकीद असते. पोरीला खरचटलं तरी का?"

"तसं नाही... पण फ्रॉक फाटला ना!"

"तिला शिकवू नकोस," बाबा सोफ्यावरून ओरडले. टीव्ही त्याहून मोठ्यानं ओरडत होता. "मालकाचं ऐकत नाही ते कुत्रं बिघडलेलं. संपला विषय."

बाबांचे सगळे विषय असेच संपत. आईचा आवाज गेल्यावर ते तिच्याशी आणखी मोठ्यानं बोलायला लागले होते, जसं काही तिचे कानच गेले होते.

धाकटी ढब्बूपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसली. त्याच्याकडे पाठ अर्धी वळवून, डोळ्याला डोळा न भिडवता. मग तिनं मुद्दाम जांभई दिली. कुत्र्यांच्या भाषेत ते 'माझ्यापासून धोका नाही' असं सांगणं. ढब्बूनंही जांभई दिली. कान सैल, जबडा सैल. हा चावणारा कुत्रा नव्हता. वाट बघतोय बिचारा, तिला वाटलं. माणूस गेलं तरी कुत्री महिनोन् महिने वाट बघतात. पार्लरमध्ये तिनं अशी पुष्कळ पाहिली होती.

तेवढ्यात मांजर आली. घरात तिला बाईसाहेब म्हणत, कारण ती कुणालाच मोजत नसे. ढब्बूच्या पाठीवर पाय देऊन ती आत उतरली. शेपूट सरळ वर, टोक थरथरतंय. धाकटीचा हात पिशवीतच राहिला. ही सलामी बाईसाहेब फक्त एका माणसाला द्यायच्या.

मांजर खुर्चीपाशी गेली आणि गाल घासू लागली. खुर्चीच्या पायाला नव्हे... खुर्चीच्या पुढ्यात, रिकाम्या जागेत. गाल खरंच कशावर तरी दाबला जात होता, मिशा वाकत होत्या. मग तिनं वर उडी मारली आणि अंगाचं मुटकुळं करून बसली.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मांजरीचं पोट आणि खुर्चीची बैठक यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून खिडकीचे गज दिसत होते.

निलगिरीच्या तेलाचा वास आला. आई ते छातीला चोळायची.

"आई...?"

ढब्बूनं मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. कान टवकारले. जरा थांबला. मग पुन्हा धाकटीकडे पाहिलं, आणि ती नजर तिला ओळखू आली. तो वाट बघत नव्हता. तो कामावर होता.

आईला 'ये' म्हणता येत नव्हतं. म्हणून तिनं स्वतः बिस्किटं चारून त्याला शिकवलं होतं. कुणी चौकट वाजवली की त्यानं तिच्याकडे बघायचं. तिनं दोन बोटं उचलली की उठून बाजूला व्हायचं. दार मोकळं झालं म्हणजे 'ये'. पण चौकट एकटी धाकटीच वाजवायची. बाकीचे कुत्रा ओलांडून सरळ आत घुसायचे, आई कपडे बदलत असो की रडत असो. तेव्हा ढब्बू गुरगुरला की आईच हात खाली करून त्याला गप्प करायची.

आता करत नव्हती.

धाकटीनं बोटाच्या पेरानं चौकट वाजवली. ढब्बूनं खुर्चीकडे पाहिलं. उठला, अंग झटकलं, आणि बाजूला झाला. आता त्याची शेपूट सैल, गोल फिरत होती. धाकटी आत गेली, खुर्चीपुढं जमिनीवर बसली. तिथली हवा उबदार होती, कुणी नुकतंच पांघरूण बाजूला केल्यासारखी. मांजर घुरघुरत होती, आणि तिच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश दबत जात होते. भीती वाटायला हवी होती. धाकटीला मात्र खूप दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं.

ऊन कलल्यावर बाहेर हॉर्न वाजला. ती खोलीबाहेर आली, ढब्बू पुन्हा आडवा झाला. दादा त्या माणसाला घेऊन आला होता. त्या माणसाच्या हातात दोरी होती.

"झाली का गं आंघोळ?"

"दादा, चौकट वाजव आधी."

"काय?"

"वाजव ना. माझ्यासाठी."

दादानं वैतागून वाजवली. ढब्बूनं आत पाहिलं आणि उठून वाट दिली. दादाचा चेहरा पडला, तो आत न जाताच मागं सरला आणि ढब्बू पुन्हा आडवा झाला. आत्यानं दाराआडून मांजर पाहिली, मांजरीखालचा उजेड पाहिला. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि चौकट वाजवली. "वहिनी... माझी उशी तेवढी नेते हं..." ढब्बू बाजूला झाला. उशी छातीशी धरून, खुर्चीला पाठ न दाखवता ती उलट्या पावली बाहेर आली.

"काय तमाशा चाललाय?" बाबा उठून आले. "माझ्या घरात मी दार वाजवू?"

"हो," धाकटी म्हणाली.

त्यांनी चौकटीवर मूठ आपटली. ढब्बूनं खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उंबऱ्यावर आडवा होऊन पंजांवर हनुवटी टेकली.

बाबांनी पुन्हा वाजवलं. या वेळी हळू. ढब्बू हलला नाही.

"तिला म्हणावं... मी आहे," बाबा कुत्र्याला म्हणाले. एवढ्या खालच्या आवाजात त्यांना बोलता येतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"साहेब, उशीर होतोय मला," दोरीवाला म्हणाला.

"तुम्ही जा. कुत्रा इथंच राहील."

"अहो बाबा, पण..." दादा म्हणाला.

"मला आत जायचंय अजून!"

गाडी गेली. बाबा उंबऱ्यापुढं खाली बसले आणि त्यांनी एका बोटानं चौकट वाजवली. आत बाईसाहेब धप्पकन जमिनीवर उतरल्या, कुणी मांडीवरून उठवल्यावर उतरतात तशा. खुर्ची करकरली. निलगिरीचा वास जवळ आला. बाबांच्या अगदी समोर आला.

ढब्बूनं कान मागं पाडले, डोळे मिटले. त्याच्या काळ्या डोक्यावरचे केस दुभंगले, कपाळापासून मानेपर्यंत, शेजारी शेजारी, बोटाएवढ्या रेघांनी. परत एकदा. परत एकदा. बाबा त्या रेघांकडे बघत राहिले.

ढब्बू उठला नाही.