अडणवेध

जुईने डब्याचं झाकण एकदा फिरवून पाहिलं. ते हललं नाही, तेव्हा डबा पुढ्यात ठेवून ती त्याच्याकडे बघत बसली.

"जोर लाव की जरा," रेवती म्हणाली.

"लावला."

"मग परत लाव."

जुईने मान हलवली, पण हात पुढे केला नाही. तिच्या चेहऱ्यावर ना कंटाळा होता ना राग. शाळेची वेळ होत आली होती. रेवतीने झाकण उघडून दिलं आणि तो विषय तिथेच संपला.

रेवती ठोंबरे अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या शाळांनी मुलांसाठी शैक्षणिक खेळांची एकच वेबसाइट घ्यायचं ठरवलं, तेव्हा निवड समितीत तिचं नाव आपोआप आलं. तिने ते काम मनापासून केलं. एका साइटवर दोन गणितांच्या मध्ये बिस्किटांची जाहिरात यायची. दुसरीवर कुणीही अनोळखी माणूस मुलांशी बोलू शकायचा. तिसरी मुलांचे आवाज साठवून ठेवायची. जी खरोखर सुरक्षित होती, ती इतकी रटाळ होती की मांडीवर बसलेली तिची मुलगी जुई पाचव्या मिनिटाला उठून जायची.

मग 'खेळझुला' आली. तिच्यात एक नवी युक्ती होती, अडणवेध. मूल खेळत असताना टॅबचा कॅमेरा त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या, पापण्यांची उघडझाप आणि बोटाचं घुटमळणं टिपत राहायचा. आपण अडलोय हे मुलाला कळायच्या आधी ते खेळाला कळायचं, आणि खेळ हळूच सोपा व्हायचा. आकडा लहान व्हायचा, पुलाची फळी जवळ सरकायची. मूल चुकायचंच नाही.

"मूल गणिताला घाबरतं ते चुकल्यामुळे," खेळझुला बनवणारे इम्तियाज काझी समितीला म्हणाले होते. "आम्ही त्याआधीच हात देतो."

"आणि मुलांचे फोटो?" रेवतीने विचारलं होतं.

"टॅबच्या बाहेर काहीही जात नाही."

तिने तज्ज्ञांकडून तपासून घेतलं. ते खरं होतं. काझींनी सांगितलेलं सगळंच खरं होतं. दोन वर्षांत मुलं अपूर्णांक हसत-खेळत शिकली. वर्गात रडारड राहिली नाही. रस्त्यात भेटणारे पालक थांबून रेवतीचे आभार मानायचे.

एप्रिलमध्ये, उन्हं अंगावर येत असताना, जुईसह तिच्या वर्गातली पाच मुलं सकाळी खेळाचं सामान ठेवायला शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. वाऱ्याने दार आपटलं आणि चौकटीत घट्ट बसलं. कडी लागली नव्हती. मुलं अजून मैदानावरच आहेत असं वर्गशिक्षिकेला वाटलं. दुपारी शिपाई किसनराव कुलूप लावायला आले, दार अडलेलं बघून त्यांनी ते हिसका देऊन ओढलं आणि ते उघडलं. आत मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. चेहरे लालबुंद, ओठ सुकलेले, आणि सगळी गप्प. पूर्वा नावाच्या मुलीची शुद्ध हरपली होती. दोन दिवसांनी ती गेली.

जुई वाचली. हाताला सलाईन लावून पडली होती, तेव्हा रेवतीने तिला विचारलं, "कुणी दार ढकललं नाही का गं?"

"ढकललं ना. मीच ढकललं."

"मग?"

"मग थांबलो."

"ओरडला का नाहीत? मैदान तर शेजारीच होतं."

जुईला प्रश्नच कळला नसावा. ती म्हणाली, "दार सोपं होईल म्हणून थांबलो. पूर्वा पण थांबली होती."

चौकशीत दोष दाराचा निघाला. शाळेने ती खोली पाडली.

रेवती नागपूरला काझींच्या कार्यालयात गेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा चष्मा काढून डोळे पुसले.

"आम्ही दोन वर्गांत अडणवेध बंद करून पाहिला होता," ते म्हणाले. "मुलं चिडतील, रडतील अशी आमची तयारी होती. तसं काही झालं नाही. टॅब समोर ठेवून ती नुसती बसून राहिली. रोज. शेवटी परत चालू केला."

"पण हळूहळू शिकतील ना ती?"

"मला माहीत नाही. अडल्यावर धडपडायची सवय लहानपणीच लागते, चालण्यासारखी. ती पुढे कधी लागते का, हे कुणी तपासलेलंच नाही. तपासायला अशी मुलंच आजवर नव्हती."

"आणि हे तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तुमच्या समितीची अट होती, मूल खेळावरून नाराज होऊन उठता कामा नये. सांगितलं असतं तर अडणवेध काढावा लागला असता, आणि मग नव्या मुलांच्या बाबतीत ती पाळता आली नसती." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "कुणी घातली होती ती अट, आता आठवत नाही."

रेवतीला आठवत होतं.

घरी आल्यावर तिने टॅब कपाटात टाकला. जुईने हट्ट केला नाही. सुट्टीभर रेवती तिच्यासमोर काहीबाही मांडत राहिली. कोडी, सुतळीच्या गाठी, चिखलमाती. जमेल तेवढं जुई करायची. अडलं की हात मांडीवर ठेवून थांबायची.

एकदा रेवतीने पाण्याच्या पिंपाची तोटी मुद्दाम घट्ट आवळली आणि काहीही झालं तरी मदत करायची नाही असं ठरवून स्वयंपाकघरात बसली. जुई पेला घेऊन आली. तोटीला हात लावला, आणि पेला धरून उभी राहिली. बराच वेळ गेला. मुलीने जिभेने ओठ ओले केले, एकदा आवंढा गिळला, पण आईकडे पाहिलंसुद्धा नाही. रेवतीला पत्र्याखाली बसलेली ती ओळ दिसली. तिने उठून तोटी सोडली आणि जुईला पोटाशी धरून हुंदके देऊ लागली.

जुईने तिच्या पाठीवर थोपटलं. "रडू नको ना आई. होईल सोपं."

जूनमध्ये पालकांची सभा झाली. रेवतीने खेळझुला बंद करण्याची मागणी केली आणि आपल्या घरात काय चाललंय तेही लपवलं नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक वडील उठले.

"मॅडम, पूर्वाचं दुःख आम्हालाही आहे. पण बंद केल्यावर मुलं नुसती बसून राहतात, हे तुम्हीच सांगताय. चालू असताना निदान शिकतात तरी. बंद करून आम्ही मिळवायचं काय?"

मागणीच्या बाजूने रेवतीचा एकटीचाच हात वर झाला.

बाहेर फाटकाशी एक बाई दोन-अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. मुलीला सँडलचा पट्टा काढता येत नव्हता. ती तो ओढत होती, पाय आपटत होती, रडून लाल झाली होती आणि पुन्हा ओढत होती. बाई मदतीला वाकली तशी रेवती पटकन म्हणाली, "थांबा. करू द्या तिला."

बाई थांबली. मुलीचं रडणं वाढलं. येणारे-जाणारे वळून बघू लागले.

"आत बोललात ते खिडकीतून ऐकलं, पटलं मला," बाई म्हणाली. "नाही देणार मी हिला ती साइट. पण मॅडम, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि मला कामावर जावंच लागतं. घरात बघायला कुणी नाही. मग हिला दुपारभर काय देऊ मी, तेवढं सांगा ना?"