नुसतं उत्तर लिहू नये

नवतप्यात, मे सरतानाच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, दुपारी दोन वाजता रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून कुत्रंसुद्धा फिरत नाही. अशा वेळी जो पोट्टा हेल्मेट काखेत मारून, घामाघूम होऊन चॉइस सेंटरात शिरतो, तो एक तर फार अडलेला असतो नाही तर येडा. भावनानं ह्याला येड्यांत धरलं.

सेंटर श्यामकांतमामाचं. दाखले, फॉर्म, झेरॉक्स अशी सगळी कामं तिथं होत. मामा जेवायला घरी गेला की काउंटर भावनाकडे. पोरगी नुकतीच बारावी झालेली, पण फॉर्ममध्ये आजवर तिच्या हातून एक अक्षर चुकलं नव्हतं आणि ह्याचा तिला भारी तोरा होता.

“दीदी, काउन्सेलिंग का फॉर्म भरना है,” पोट्टा म्हणाला.

दीदी! तिनं त्याचं आधार कार्ड ओढून घेतलं. ओजस गायधनी.

“मराठी आहेस ना? मग मराठीत बोल. आन् दीदी काहून? जन्मतारीख पाहून राहिली मी, तूच तीन महिन्यांनी मोठा आहेस.”

तो ओशाळून हसला, तेव्हा त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. भावनानं ती पाहिली नसती तरी चाललं असतं... पण पाहिली.

बाबांची नव्या रायपूरच्या एका ऑफिसात बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी हे नाशिकहून आले, एवढं त्यानं न विचारता सांगितलं. ती टाइप करत होती. जेईई, नव्व्याण्णव पॉइंट एक पर्सेंटाइल. बापा रे! हा तर हुशार निघाला. मग तिनं बारावीची गुणपत्रिका उचलली आणि तिचा हात थांबला.

“एकाहत्तर टक्के?”

“हो. बोर्डात काय, पास झालं की झालं.”

“कोणी सांगितलं तुले? एनआयटीले पंच्याहत्तर लागतात.”

“माझ्या आत्तेभावाला अडुसष्टवर मिळालं होतं!”

“कोणत्या साली?”

“एकवीस...”

“कोरोनात माफ होती ती अट. आता नाही.”

बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत बसला तरी चालतं, म्हणून तिनं तेही काढून पाहिलं. त्यातही बसत नव्हता. कूलर घरघरत होता, ओजस खुर्चीच्या काठावर बसला होता आणि खळीचा पत्ता नव्हता.

“दोन वर्षं मी दुसरं काही केलंच नाही,” तो हळूच म्हणाला. “आता बाबांना काय सांगू?”

भावनाला त्याची दया आली. खरं सांगायचं तर स्वतःचीही आली.

“मले बारावीत ब्याण्णव आहेत,” ती म्हणाली. “जेईईत अठ्ठावन्न पर्सेंटाइल. आपल्या दोघांचं मिळून एक ॲडमिशन होते पाह्य.”

डोळे भरलेले असतानाच तो फस्सकन हसला.

मार्ग एकच होता. वर्षभर थांबायचं, बोर्ड पुन्हा द्यायचं आणि जेईईही पुन्हा. नव्व्याण्णव पुन्हा येतील ह्याची हमी कोण देणार? बोर्डाकडून उत्तरपत्रिकांच्या नकला मागवायचा अर्ज भावनानंच भरला. नकला आल्या तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. फिजिक्सच्या पाच मार्कांच्या गणिताला ह्यानं एका ओळीत उत्तर लिहिलं होतं. उत्तर बरोबर, मार्क एक.

“पायऱ्या कुठं आहेत?”

“मनात झाल्या ना.”

“तपासणारा तुझ्या मनात येऊन बसते का? सूत्र लिही, किमती टाक, एकक लिही. मग उत्तर.”

भावनाचं बी.एस्सी. सुरू झालं, सकाळचं कॉलेज. दुपारी दोन ते चार सेंटरात गिऱ्हाईक नसे. तो बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर लिही, ती लाल पेनानं तपासे. फुकटात शिकवत नव्हती हो, बदल्यात तो तिला गणितातल्या युक्त्या सांगे. हळूहळू सगळ्यालाच पायऱ्यांचा नियम लागला.

“आज उशीर काहून?”

“ट्रॅफिक.”

“पायऱ्या!”

“घरून निघालो, पंडरीच्या बाजारात अडकलो, शिवाय... तुला आवडतात म्हणून समोसे घ्यायला थांबलो.”

“शेवटची पायरी आधी लिहायची असते,” ती म्हणाली आणि पिशवी ओढून घेतली. कान तापले होते, पण ते तिनं उन्हावर ढकललं.

मामाला हे कळत नव्हतं का? हल्ली दुपारी जेवायला त्याला जास्तच वेळ लागू लागला होता.

पुढच्या मे महिन्यात बोर्डाचा निकाल लागला. ओजसनं स्क्रीनकडे पाठ फिरवली. “तूच बघ.”

“सत्त्याऐंशी!” भावना ओरडली. जेईईत तर ह्या वेळी नव्व्याण्णव पॉइंट नऊ होते. पोट्ट्यानं मैदान मारलं होतं.

जूनमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला तो परत त्याच खुर्चीवर बसला.

“एक नंबर, एनआयटी रायपूर,” तो म्हणाला.

तिचं बोट थांबलं. “तुले वरंगल पाहिजे होतं. तिथं कॉम्प्युटर मिळून राहिलं आहे ना! रायपूर काहून?”

“उत्तर बरोबर आहे. टाक.”

“पायऱ्या.”

त्यानं पाठकोरा कागद ओढला, बराच वेळ लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवला. एक, वरंगललाही दुपारचे दोन वाजतील, पण हे काउंटर नसेल. दोन, तिथं मला कोणी काहून विचारणार नाही. तीन, मला भावना आवडते. म्हणून, रायपूर.

भावनानं तो दोनदा वाचला. वाटलं, टाकावं रायपूर, कोण विचारतंय! मग तिनं लाल पेन उघडून शेवटची ओळ खोडली.

“पायऱ्या बरोबर, उत्तर चूक,” ती म्हणाली. “माह्यासाठी वरंगल सोडशील आन् चार वर्षं माह्यावरच चिडशील. मी इथंच आहे, कुठं पळून नाही राहिली.” आणि वरंगल वर घेतलं.

फॉर्म लॉक करायचा ओटीपी त्याच्या फोनवर आला. त्यानं फोन छातीशी धरला.

“तिसऱ्या पायरीवर तुझं उत्तर काय, ते आधी सांग.”

“ओटीपी दे, टाइम संपून राहिला!”

“उत्तर.”

ती कीबोर्डकडे बघत म्हणाली, “हव, आवडतोस.”

“पायऱ्या?”

“पायऱ्या नाही. नुसतं उत्तर.”

खळी पडली. त्यानं सावकाश एकेक आकडा सांगितला, तिनं टाइप केला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. ओटीपी चुकला होता. पहिल्यांदाच भावनाच्या हातून फॉर्ममध्ये चूक झाली होती.

“दुसरा मागव,” ती लाजून म्हणाली.

“मागवतो. पण मग तुलाही पुन्हा सांगावं लागेल.”

“काय?”

“उत्तर.”