माडीवरची नदी

कुकरच्या कानाचा स्क्रू ढिला झाला, एवढंच निमित्त. काकू बारका स्क्रू ड्रायव्हर शोधायला निघाल्या.

"हत्यारं सगळी माडीवर," ड्रायव्हरसाहेब पेपरामागून म्हणाले. मग एकदम पेपर खाली घेऊन म्हणाले, "थांब, मीच आणतो." पण त्यांचा गुडघा आणि तो जिना यांचं जुनं वैर होतं. ते खुर्चीतून उठेपर्यंत काकू वर पोचल्यासुद्धा.

त्या घरात येऊन काकूंना फार दिवस झाले नव्हते. जन्मभर त्यांनी एका दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवल्या. लग्नाचं राहूनच गेलं होतं. साठी उलटल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेल्या या विधुर ड्रायव्हरशी त्यांनी चार सह्या करून संसार मांडला. लोक हसले. ही दोघं लोकांपेक्षा जास्त हसली, म्हणून लोक गप्प बसले. हसली नाही ती एकटी ड्रायव्हरसाहेबांची लेक. ती परगावी असायची. लग्नाला आली नाही, आणि फोनवर काकूंचा उल्लेख "त्या" असा करायची.

माडीवर एकच मोठी खोली होती, आणि खोलीभर एक टेबल, पांढऱ्या चादरीनं झाकलेलं. काकूंनी सहज चादरीचं टोक उचललं आणि स्क्रू ड्रायव्हर विसरल्या.

चादरीखाली अख्खं खोरं होतं. डोंगर, डोंगरातला बोगदा, नखाएवढ्या खिडक्यांचं स्टेशन, आगपेटीएवढे डबे, झाडांच्या सावल्यासुद्धा रंगवलेल्या. मधोमध तीन खांबांचा पूल. पुलाखाली मात्र नुसतं प्लॅस्टर, दात काढलेल्या हिरडीसारखं बोडकं.

"नदी राहिली," मागून धापा टाकत ड्रायव्हरसाहेब म्हणाले. ते दारातच थांबले होते. "बाकी सगळं मी आणि लेकीच्या आईनं केलं. पाणी मात्र तिचं खातं. ती नाटकांचे पडदे रंगवायची ना. म्हणायची, पाणी सगळ्यात शेवटी, घाई केली की रुसतं. आणि मग आजारपणच आलं." त्यांनी चादर पुन्हा नीट केली. "पुलाखाली पाणी नाही तोवर पुलावरून गाडी न्यायची नाही, असा तिचा नियम. मी अजून नेलेली नाही."

काकूंनी चादर पुन्हा उचलली. बोटानं प्लॅस्टर ठोकून पाहिलं, खाणाखुणा वाचाव्यात तसं वाकून पाहिलं.

"मी करू?"

"तुला येतं?"

"अहो, कवळीचं मिश्रण ओतताना एक बुडबुडा राहिला की माणसाला घास गिळता येत नाही. नदीचं काय घेऊन बसलात?"

ड्रायव्हरसाहेब हसले, पण लगेच गंभीर झाले. "लेक येणार आहे रविवारी. दोन तास बसेन म्हणाली. तिला राग येईल."

"रागवायला का होईना, माडीवर तरी येईल."

ड्रायव्हरसाहेबांनी उरलेली चादर स्वतःच बाजूला सारली.

काकूंनी सामान आणलं. ओतलं की घट्ट होणारं पारदर्शक रेझिन, त्यात मिसळायचं हार्डनर, बारीक ब्रश, आणि एक छोटी बाटली निळ्या रंगाची. आधी नदीच्या तळाच्या भेगा बुजवल्या, नाहीतर पाणी टेबलाखाली गळतं. मधे जिथे खोल, तिथे तळ गडद केला. काठाला मातकट फिका. बडीशेपेएवढे गोटे चिमट्यानं एकेक बसवले. मग दुपारी, खिडक्या लावून, पहिला थर ओतला. अगदी हळू, मधाची धार धरावी तसा. बुडबुडे वर आले, त्यांवर तोंडानं ऊबदार फुंकर घालून ते फोडले. धूळ बसू नये म्हणून वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं, आणि गाणं गुणगुणत खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर पाणी काचेसारखं जमलं होतं. सुरेख. पण वळणाशी त्यावर लाटा होत्या.

काकूंनी लाटा काढल्या नव्हत्या. लाटा सगळ्यात शेवटच्या थरावर, ब्रशनं काढायच्या असतात. या लाटा बोटानं ओढलेल्या होत्या, बारीक, अर्धगोल, एकीमागून एक, आणि प्रत्येकीच्या टोकाला नखाची चंद्रकोर. रेझिन मऊ असतानाच अशी खूण उठते, म्हणजे काल दिवेलागणीच्या सुमारास. त्या वेळी तर ती दोघंही खाली भाजी निवडत बसली होती.

"तुम्ही वर गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"या गुडघ्यानं?"

काकूंनी मनाची समजूत घातली. झाकणाचा पुठ्ठा वाकला असेल, चिकटला असेल. पुठ्ठ्याला नखं नसतात, हा विचार त्यांनी मुद्दाम पुरता होऊ दिला नाही. पण लाटा इतक्या खऱ्या होत्या, की त्या बुजवायला हात धजेना.

दुसऱ्या थरात निळा रंग घालायचा त्यांनी ठरवलं. बाटली टेबलावर काढून ठेवली, आणि रेझिनचा डबा आणायला जिना उतरून पुन्हा चढल्या. तेवढाच काय तो वेळ.

बाटली टेबलावर नव्हती. ती कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात होती, उलटी, झाकण घट्ट लावलेली. थेंबही सांडला नव्हता.

आणि खोलीत वास होता. रेझिनचा उग्र वास नव्हे. ओल्या गाळाचा, शेवाळाचा, सावलीतल्या पाण्याचा वास. खिडक्या बंद होत्या. काकूंच्या मानेवरचे केस उभे राहिले. पुलाखालून, अगदी बारीक, खळखळ ऐकू येत होती... थांबत होती... पुन्हा येत होती. जणू कुणीतरी वळणावळणानं जवळ येत होतं.

दुसरं कुणी असतं तर जिना एका उडीत उतरलं असतं. काकूंचेही पाय तिकडे वळले होते. पण जन्मभर बोळक्या तोंडांची धास्ती घालवण्यात गेलेली बाई. घाबरलेल्याशी आधी बोलायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. आणि इथे घाबरलेली तर ती स्वतःच होती.

"हे बघा," काकू दाराची चौकट धरून म्हणाल्या. "मी तुमच्या जागेवर बसायला नाही आले. माझी जागा मी आणली आहे बरोबर... लहानशीच आहे. तुम्ही मला पाण्यात पाहत असाल तर तसं सांगा. मी चादर घालते आणि खाली जाते."

खळखळ थांबली.

खोली इतकी शांत झाली, की काकूंना आपल्याच चष्म्याची दांडी कानामागे करकरलेली ऐकू आली. मग पुलाखाली काहीतरी खुदकन वाजलं. घशात पाणी असताना हसू फुटावं, तसं.

काकू जिना उतरल्याच, पण धावत नाही. खाली येऊन घटाघटा पाणी प्यायल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही. नदी मुरतेय."

त्यांनी ड्रायव्हरसाहेबांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हातारा गुडघा विसरून वर गेला असता, आणि काहीच ऐकू आलं नसतं तर पुन्हा एकदा विधुर झाला असता.

दुसऱ्या दिवशी जावं की न जावं, असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं. पण अर्धी नदी सोडून देणं त्यांच्या हाडात नव्हतं. अर्धी कवळी त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. त्या वर गेल्या. निळ्याऐवजी हिरव्या-तपकिरी रंगाचा एकच थेंब मिसळला आणि हवेला दाखवल्यासारखा डबा उंच धरला.

"हा चालेल?"

डबा कुणी हिसकावला नाही. हाच होकार समजून त्यांनी वळणावरच्या लाटा तेवढ्या सोडून थर ओतला. मग धीर करून विचारलं, "आणि धबधबा? डोंगराच्या कुठल्या अंगानं?"

त्यांच्या डोळ्यांदेखत डोंगराच्या कोरड्या प्लॅस्टरवर, बोगद्याच्या डावीकडे, एक काळा ठिपका उमटला. तो जिभेसारखा लांबत खाली आला, एका खडकाशी अडला, दोन वाटा करून पुन्हा एक झाला. काकूंनी बोट लावलं. गार पाणी. हाडापर्यंत जाणारं गार, डोंगरातून आलेलं.

त्यांनी त्याच वाटेवर पारदर्शक गोंदाचे तंतू ओढले, त्यांवर पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश नुसता टेकवला. धबधबा असा उतरला, की त्यांच्याच तोंडून "वा!" गेलं. आणि गंमत अशी, की "वा" दोनदा ऐकू आलं.

त्यानंतर भीती काही गेली नाही, पण तिच्या बरोबरीनं मजा येऊन बसली. काकू दुपारच्या वर जायच्या त्या दिवेलागणीलाच खाली यायच्या. चुकीच्या जागी गोटा ठेवला की तो टुणकन निघून यायचा. बरोबर ठेवला की चिमट्यालाही हलायचा नाही. बडबड करायला काकूंना इतक्या वर्षांत असं कुणी मिळालं नव्हतं. प्रयोगशाळेतले दात कधी उलटून बोलत नाहीत.

"कुणाशी बोलतेस गं?" एकदा जिन्याखालून हाक आली.

"पाण्याशी!"

"काय म्हणतं पाणी?"

"म्हणतं, तुमचा मधला खांब वाकडा आहे, आणि तुम्ही ते मान्य करत नाही!"

खाली पेपर जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. मग अगदी हळू आवाजात, "...हे तुला कुणी सांगितलं?"

काकूंनी जीभ चावली. कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनाही ते बोलून होईपर्यंत माहीत नव्हतं.

रविवारी सकाळीच लेक आली. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवरच ठेवली. "बरं आहे ना," "बरं आहे," एवढं बोलून झालं. ड्रायव्हरसाहेब उगीचच खिडकी उघडून लावत होते. शेवटी काकूच म्हणाल्या, "वर चल. तुला आवडणार नाही कदाचित. पण लपवून ठेवायचं नाही मला."

ड्रायव्हरसाहेबही कठडा धरत मागून चढले. वर चादर बाजूला केली आणि लेक टेबलाशी थिजल्यासारखी उभी राहिली. सकाळचं ऊन तिरपं पाण्यावर पडलं होतं. तळाचे गोटे दिसत होते. खांबापाशी पाणी फुटून पांढरं झालं होतं. लेक वाकली, आणि वळणावरच्या लाटांमध्ये तिनं आपली करंगळी ठेवली. ती त्यांत बरोबर बसली.

"हे कुणी केलं?" ती म्हणाली. "आई करंगळीनं पाणी ओढायची... ओल्या रंगात, नखासकट. तुम्हाला कसं कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. काकूंनी ड्रायव्हरसाहेबांकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"तेवढं मी नाही केलं," त्या म्हणाल्या. "बाकी मी ओतलं. पण ते... मी दुसऱ्या दिवशी वर आले तेव्हा झालेलं होतं."

आता ही रडेल, किंचाळेल, निघून जाईल, असं काकूंना वाटलं. लेकीनं डोळे बारीक केले.

"तुम्ही निळा रंग आणला होता का?"

"आणला होता."

"आणि?"

"कचऱ्यात गेला. झाकण लावून."

लेकीच्या ओठांचा एक कोपरा हलला. "ती निळं पाणी बघूच शकायची नाही! म्हणायची, निळं पाणी फक्त कॅलेंडरवर असतं!" आणि ती हसायला लागली. अशी हसली, की तिला टेबल धरावं लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. ते बघून काकूही सुटल्या, आणि ड्रायव्हरसाहेब चष्मा पुसता पुसता म्हणत राहिले, "आणि खांब? खांबाबद्दल काय म्हणाली?"

"वाकडाच आहे, बाबा!" लेक म्हणाली.

मग ड्रायव्हरसाहेबांनी गाडी लावली. बटण त्यांनीच दाबलं. इवलंसं इंजिन बोगद्यात शिरलं, बाहेर आलं, धबधब्याशेजारून वळलं आणि पहिल्यांदाच पुलावर चढलं. खाली पाण्यात दुसरी गाडी, चाकं वर करून, तिच्या बरोबर धावली. पूल ओलांडून गाडी स्टेशनात शिरली तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या, लहान पोरांसारख्या. पुन्हा नेली. पुन्हा टाळ्या. दोन तास केव्हाच होऊन गेले होते.

"मी उद्या जाते," लेक पर्स कोपऱ्यात टाकत म्हणाली. "चला, बाबा, हात द्या. चहा टाकते. मावशी, तुम्हाला साखर किती?"

"मावशी" म्हटल्याचं तिच्याही लक्षात आलं नसावं. काकूंच्या मात्र आलं. "दोन चमचे," त्या कशाबशा म्हणाल्या.

बापलेक जिना उतरून गेले. खालून बशा लागल्याचा आवाज, लेकीचं बोलणं, म्हाताऱ्याचं हसणं. काकू चादर घालायला मागे राहिल्या. ऊन आता पुलावर आलं होतं. पूल रिकामा होता. रुळांजवळ माणूस ठेवायला ड्रायव्हरसाहेबांची सक्त मनाई, साधा बाहुलासुद्धा नाही.

पाण्यातल्या पुलावर मात्र दोन बायका उभ्या होत्या.

कठड्यावर कोपरं टेकून, खांद्याला खांदा लावून, कशावर तरी मनसोक्त हसत होत्या. एकीचे केस मोकळे होते. दुसरीनं चष्मा लावला होता. काकूंनी हळूच हात आपल्या चष्म्याला लावला. पाण्यातल्या चष्मेवालीनं लावला नाही. तिचं हसणं चालूच होतं.

"अगं, येतेस ना?" खालून ड्रायव्हरसाहेबांची हाक आली. "चहा गार होतोय!"

काकूंनी तोंड उघडलंच नव्हतं.

"आलो हं," काकूंच्याच आवाजात, टेबलाच्या मधोमधून, कुणीतरी आनंदानं ओरडून सांगितलं. "दोघीही!"

खाली बशांची किणकिण एकदम थांबली.