ताल सोडलेला दिवा

“त्या माळेले हात लावला तं हात मोडीन,” असं म्हणत देवीलालने संघदीपच्या कानशिलात ठेवून दिली.

दिवाळीच्या सुट्टीत रुपाली, तिचा धाकटा भाऊ संघदीप आणि शेजारचा अक्षय लोहारा गावच्या तेलगिरणीत बाबांचा डबा घेऊन आले होते. बाबा, म्हणजे धर्मपाल, बॉयलरच्या भट्टीत भुसा टाकायचे. आज मालक भगवानराव येणार, म्हणून सुपरवायझर देवीलालने बॉयलरच्या पॅनेलवर लाल दिव्यांची लुकलुकती माळ चढवली होती. कटकट नको म्हणून धोक्याचा भोंगाही बंद केला होता. शहाणपणाची हद्दच म्हणायची!

रुपालीला मात्र काहीतरी खटकत होतं. माळेतले सगळे दिवे एकदम लागत, एकदम विझत. एकच दिवा भलत्या वेळी डोळा मारत होता.

“काका, तो लाइट माळेतला नाही. पॅनेलचा हाये,” ती म्हणाली.

“तुले कोनं इचारलं?” देवीलालने तिचा दंड करकचून आवळला.

अक्षयने मागचापुढचा विचार न करता त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. पकड सुटली आणि रुपालीने माळेची पिनच उपटली.

झगमगाट विझला. एक लाल दिवा तेवढा उघडझाप करत राहिला. त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘पाणी कमी’. देवीलालचा चेहरा पांढराफटक पडला. कोरड्या पडत चाललेल्या बॉयलरखाली जाळ भडकला होता आणि बाबा भट्टीपुढेच बसले होते.

“बाबा, उठा! बॉयलर फुटून राह्यला!”

यंत्रांच्या खडखडाटात बाबांना ऐकू जाईना. रुपालीने धावत जाऊन त्यांचा सदरा धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. ते दाराशी पोचले तोच कानठळ्या बसवणारा धमाका झाला. भट्टीचं लोखंडी दार उडालं आणि बाबांच्या स्टुलाचा चुराडा करून भिंतीत घुसलं. छताचा पत्रा कोसळून देवीलालचा खांदा फाटला. रक्ताची धार लागली. संघदीप आणि अक्षयने त्याला फरफटत बाहेर काढलं.

भगवानराव आले तेव्हा अजून वाफ निघत होती. सगळं ऐकून ते म्हणाले, “पॅनेल सजवाले नसते, पाहाले असते. या लेकरायनं पाह्यलं म्हणून आज माणसं वाचली.” त्यांनी तिघांची पाठ थोपटली.

बाबा फाटलेल्या बाहीकडे बघत राहिले.

“सदरा फाडला ना वं माहा,” ते कसेबसे म्हणाले आणि रुपालीला पोटाशी धरून ढसाढसा रडू लागले.