घरातला तिसरा श्वास

घरात आम्ही दोघं होतो आणि हवा तिघांची संपत होती.

आमचं घर चंद्रावर आहे, मोठ्या वस्तीपासून फार लांब. मी इथल्या दुर्बिणीची देखभाल करतो. इथे शाळा नाही, म्हणून माझी मुलगी शाल्मली घरीच शिकते. तिला तिची आई, नंदिता, शिकवायची. नंदिता आजारानं गेली, आणि त्यानंतर शाल्मलीनं गणिताला हात लावला नाही.

त्या दिवशी वस्तीच्या शाळेला उत्तर कळवायचं होतं. नववीपासून गणिताच्या तीन वाटा असतात. एक बदलाचं गणित (कलन, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगानं बदलते ते शोधायची रीत). दुसरं अंदाजाचं (सांख्यिकी, म्हणजे पुष्कळ नोंदींवरून निष्कर्ष काढायची रीत). तिसरं नुसतं व्यवहाराचं. आपण निवडू ती पुस्तकं महिन्याच्या गाडीतून येतात. आमचा ऑक्सिजनही त्याच गाडीतून येतो. गाडीला अजून आठवडा होता.

"व्यवहाराचं कळव," शाल्मली म्हणाली. "बेरीज-वजाबाकी येते मला. तेवढ्यावर तू नाही का जगलास?"

"जगलो. अवघड ते तुझ्या आईवर सोडायचो."

ती स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

नंदिताची एक सवय होती. रोज सकाळी ऑक्सिजनच्या टाकीचा काटा बघायचा आणि भिंतीवर तेवढ्या उंचीला खडूनं ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की उतरती रेघ व्हायची. टाकी भरली की शेजारी नवी रेघ. ती त्याला रांगोळी म्हणायची. ती गेल्यावर ठिपके शाल्मली देत होती. गणित म्हणून नाही, आईचं म्हणून.

"बाबा, इकडे ये. आई होती तेव्हाची रेघ बघ, घसरगुंडीसारखी. ती गेल्यावर कमी उतरती. आता या महिन्याची बघ."

या महिन्याची रेघ आधी सावकाश उतरत होती. मग वाकली होती. शेवटचा तुकडा थेट नंदिताच्या दिवसांतल्यासारखा होता.

शाल्मली हळूच म्हणाली, "घरात तिसरं कोणीतरी श्वास घेतंय."

नकळत मी नंदिताच्या खोलीकडे बघितलं. ती गेल्यापासून ते दार आम्ही उघडलं नव्हतं.

मी पवळ्याला हाक मारली. पवळ्या म्हणजे आमचा यंत्रमानव (घर सांभाळणारं, बोलणारं यंत्र).

"हवा ठीक आहे ना रे?"

"टाकी निम्मी आहे. हवा तीन माणसांच्या मानानंच कमी होते आहे. काळजी नको."

"तीन?" शाल्मलीनं विचारलं.

"तुम्ही दोघं आणि नंदिताताई."

नंदिता गेल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो रोज तीन ताटं मांडायचा. तिसरं आम्ही न बोलता उचलून ठेवायचो.

"म्हणजे गळती आहे," शाल्मली म्हणाली. "आईच्या वाट्याच्या हवेमागे लपली, म्हणून पवळ्या ओरडला नाही."

"निम्मी टाकी आहे ना. आठवडा निघेल."

"किती आहे ते नको बघूस. किती वेगानं जातंय ते बघ." तिनं रेघेवर बोट ठेवलं. "हा उतार, म्हणजे एका दिवसात रेघ किती खाली येते ते. आधी कमी होता. मग वाढला. काल आणखी वाढला. भोक मोठं होतंय, बाबा."

तिनं खडू घेतला आणि रेघ तशीच वाकवत पुढे नेली. गाडीच्या दिवसाआधीच ती जमिनीला टेकली, म्हणजे टाकी रिकामी. मी वस्तीला कळवलं. गाडीपेक्षा लवकर कोणी पोचणार नव्हतं.

हवेला रंग नाही. भोक शोधायचं कसं? शाल्मलीनंच सुचवलं. एकेका खोलीचं दार लावून तिची हवेची नळी बंद करायची आणि उतार बघायचा. जी बंद केल्यावर उतार कमी होईल, तिथे गळती.

कोठार बंद केलं. पवळ्या काटा वाचत होता. "फरक नाही," तो म्हणाला. माझी खोली, तिची खोली. फरक नाही.

"आईची राहिली," शाल्मली म्हणाली. ती नळी बंद करायची चावी दाराच्या आत होती.

मी अवकाशपोशाख चढवला आणि दार उघडलं. आत काहीतरी हललं. खिडकीपाशी नंदिताची ओढणी होती. तिचं टोक खिडकीच्या कडेला चिकटून फडफडत होतं. तिथलं रबर चिरलं होतं.

मी ओढणी सोडवली आणि चिरेवर ठिगळ दाबून बसवलं.

थोड्या वेळानं पवळ्या म्हणाला, "हवा पुन्हा तीन माणसांपेक्षा कमी जाते आहे. मोजण्यात चूक आहे का?"

मी अवकाशपोशाख उतरवू लागलो.

"चूक नाही," शाल्मली म्हणाली. "पवळ्या, घरात माणसं दोन."

"दोन," पवळ्या म्हणाला.

ती आईच्या दारात जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बदलाचं कळव."

"ते अवघड आहे."

"माहितीये. भीतीच वाटते मला."

"मलाही. आणि मला तर ते येतही नाही. तू शिकलीस की मला शिकव."

"तू आधी बेरीज सुधार."

रात्री ताटं दोनच होती. सकाळी तिनं आजचा ठिपका दिला. त्याच्या पुढे, जरा खाली, एक लहान रिकामा गोल काढला. "उद्याचा इथे यायला हवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठिपका त्या गोलात बसला.